छत्तीस पानांत तीस वर्षांचा पाऊस : आमच्या सोसायटीने विकत घेतलेल्या हवामान अहवालाचे परीक्षण

ठाण्यात कोलशेत रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गेल्या तीन पावसाळ्यांत दोनदा पाणी शिरले. दुसऱ्या खेपेस अकरा दुचाकी आणि चार मोटारी ओढून गॅरेजला न्याव्या लागल्या, तेव्हा सर्वसाधारण सभेत मेंटेनन्सचा नेहमीचा वाद बाजूला पडून एकच प्रश्न उरला : रॅम्पच्या पायथ्याशी किती क्षमतेचा पंप बसवायचा? एका तरुण सभासदाने सुचवले की हल्ली खासगी कंपन्या एखाद्या पत्त्यासाठी पुढील तीस वर्षांचा ‘हवामान जोखीम अहवाल’ तयार करून देतात, तो आधी घ्यावा आणि मगच कोटेशन मागवावीत. किंमत अठरा हजार रुपये अधिक जीएसटी, सोबत रोजच्या अंदाजाचे ॲप वर्षभर मोफत. कमिटीने ठराव केला, पंधरा दिवसांत अहवाल आला आणि तो तपासण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तुलनेसाठी मागवलेल्या आणखी दोन कंपन्यांच्या नमुना अहवालांची घडणही जवळजवळ हीच होती.

काम माझ्याकडे येण्याचे कारण असे की मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात तीस वर्षे इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. दाबमापक, प्रवाहमापक, वजनकाटे यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर आकडा दाखवतात का हे तपासून लावणे, हाच माझा व्यवसाय होता. निवृत्तीनंतर मी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आणि गेले नऊ पावसाळे रोज सकाळी साडेआठ वाजता तो वाचून वहीत नोंद करतो. साडेआठच, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस त्या वेळी संपतो. मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस झाला की बाटलीत २०० मिलिलिटर पाणी जमते. बाटली चार लिटरची असल्यामुळे ती बरोबर २०० मिलिमीटरला काठोकाठ भरते, आणि हवामान विभागाच्या वर्गवारीतील सर्वांत वरची पायरी २०४.५ मिलिमीटरला सुरू होते. त्यामुळे फार मोठ्या पावसाच्या रात्री उठून बाटली मोजून रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसते. गच्चीच्या कठड्यावरून उसळणाऱ्या वाऱ्यामुळे माझा मापक थोडा कमी पाऊस पकडतो, हेही येथेच कबूल केलेले बरे.

अहवाल छत्तीस पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला, आणि पहिल्याच पानावरील नकाशात आमची इमारत लाल टिंबाने दाखवलेली. मजकुराचा गोषवारा असा की शतकाच्या मध्यापर्यंत पावसाळ्यातील एकूण पाऊस काहीसा वाढेल, अतिवृष्टीचे दिवस वाढतील आणि रात्री अधिक उकाड्याच्या होतील. यातील दिशेविषयी माझा वाद नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र जुनेच आहे, आणि मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील, म्हणजे आयआयटीएममधील, रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलेले आहे. माझे लक्ष गेले ते पाचव्या पानावरील ‘मॉडेलची अचूकता’ या तक्त्याकडे. मॉडेल म्हणजे वातावरणाची आणि समुद्राची गणिते संगणकावर सोडवून हवामान काढणारा प्रोग्राम. १९८१ ते २०१४ या काळातील मॉडेलचा सरासरी मोसमी पाऊस आणि प्रत्यक्ष नोंदींची सरासरी यांत एक टक्क्याहूनही कमी फरक असल्याचे तेथे ठळक हिरव्या अक्षरांत छापले होते. कारखान्यात इतका चांगला आकडा समोर आला की आम्ही आधी मोजण्याची पद्धत विचारत असू.

पद्धतीकडे वळण्यापूर्वी हवामान मॉडेलची न्याय्य परीक्षा कोणती, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या कमिटीतील अर्ध्या सभासदांनी अन्याय्य परीक्षाच सुचवली होती. ‘२६ जुलै २००५ या मॉडेलला दाखवता आला का?’ असा त्यांचा प्रश्न होता. शाळेच्या भूगोलात आपण ‘हवा’ आणि ‘हवामान’ असे दोन वेगळे शब्द शिकतो आणि शाळा सुटली की विसरतो. एखाद्या दिवसाची ती हवा, दीर्घकाळाच्या सरासरीचे आणि चढउतारांचे ते हवामान. जागतिक मॉडेलची ऐतिहासिक धाव १८५० च्या स्थितीपासून सुरू होते आणि तिला पुढे फक्त हरितगृह वायू, ज्वालामुखी, सूर्यप्रकाश अशा बाहेरच्या गोष्टी पुरवल्या जातात. सुरुवातीच्या स्थितीतील नगण्य फरकही काही आठवड्यांत हवेचा सगळा पट बदलून टाकतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवले. त्यामुळे मॉडेलमधला २००५ चा जुलै हा आपला जुलै नव्हे, आणि त्यात आपली तारीख शोधणे व्यर्थ आहे. मात्र चौतीस पावसाळ्यांत कोरडे दिवस किती, ६४.५ मिलिमीटरच्या वरचे दिवस किती, पाऊस सलग किती दिवस कोसळतो आणि ओढ देतो तेव्हा किती दिवस देतो, या प्रश्नांची उत्तरे मॉडेलने आपल्या नोंदींच्या जवळपास दिलीच पाहिजेत. नुसती सरासरी जुळली तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण रोज वीस मिलिमीटर पडणारा पाऊस आणि नऊ दिवस कोरडे ठेवून दहाव्या दिवशी दोनशे मिलिमीटर ओतणारा पाऊस यांची सरासरी एकच येते.

त्या हिरव्या एक टक्क्याचे रहस्य अहवालाच्या शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत सापडले. मॉडेलचा प्रत्येक महिन्याचा पाऊस नोंदींच्या सरासरीशी जुळावा म्हणून त्याला एका गुणकाने गुणले होते, आणि तो गुणक १९८१ ते २०१४ याच नोंदींवरून काढला होता. म्हणजे ज्या वजनाने काटा लावला त्याच वजनाने तो तपासला आणि काटा अचूक असल्याचे प्रमाणपत्र दिले. अशी दुरुस्ती करणे यात गैर काही नाही, जगभर ती केली जाते. गैर आहे ते दुरुस्तीच्या परिणामाला मॉडेलची अचूकता म्हणणे.

दुरुस्ती करावी का लागते, हे ठाण्याच्या भूगोलात चांगले दिसते. अहवालात वापरलेल्या जागतिक मॉडेलची जाळी ढोबळ मानाने शंभर किलोमीटरची आहे, म्हणजे पृथ्वीचे तेवढ्या रुंदीच्या चौकटींत तुकडे करून प्रत्येक चौकटीला एकच आकडा दिला जातो. अशा एका चौकटीत ठाणे, मुंबई, नवी मुंबई, अरबी समुद्राचा एक तुकडा, माथेरान आणि भीमाशंकरच्या बाजूचा सह्याद्री हे सारे एकत्र येते, आणि त्या साऱ्याला मिळून एकच उंची असते. हजार मीटरचा कडा आणि समुद्रसपाटी यांची सरासरी काढली की सह्याद्रीची एक उतरती गच्ची होते. नैर्ऋत्येचे बाष्पभरले वारे ज्या भिंतीवर आपटून वर चढतात ती भिंतच मॉडेलमध्ये जेमतेम उरते. मग महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि तीसएक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत, हा भेद ते दाखवणार तरी कसे? ढगांचेही तेच. पावसाळी ढग काही किलोमीटरचा आणि चौकट शंभर किलोमीटरची, त्यामुळे ढग प्रत्यक्ष उभा न करता त्याचा परिणाम एका अंदाजी सूत्राने घातला जातो. या सूत्रांची खोड जुनी आणि सर्वज्ञात आहे : ती पाऊस वारंवार पाडतात आणि हलका पाडतात, शिवाय जमिनीवरचा दुपारनंतरचा पाऊस माध्यान्हीच आणून ठेवतात. जाळी बारीक करावी तर जाळी निम्मी केली की गणित साधारण आठपट वाढते. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते, पण ती थोड्या दिवसांच्या अंदाजासाठी. त्याच जाळीवर शंभर वर्षे आणि तीही अनेकदा चालवणे ही वेगळीच गोष्ट आहे.

कंपनीकडे मी मॉडेलचे दैनंदिन आकडे मागितले. फोनवर आलेला तंत्रज्ञ मुलगा आदबशीर होता. “काका, ग्राहक सहसा हे मागत नाहीत,” असे म्हणाला खरे, पण दुसऱ्या दिवशी फाइल पाठवली. हा या सेवेचा मोठाच गुण मानतो. उरलेल्या दोनपैकी एका कंपनीने अशी फाइल ‘गोपनीय’ ठरवली होती. तुलनेसाठी माझी वही वापरणे योग्य नव्हते, कारण माझे नऊ पावसाळे मॉडेलच्या काळाशी जुळत नाहीत आणि एका गच्चीवरचा पाऊस हा शंभर किलोमीटरच्या चौकटीचा पाऊस नव्हे. म्हणून हवामान विभागाची पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या जाळीवर १९०१ पासून उपलब्ध असलेली दैनंदिन पर्जन्य नोंद घेतली, तिच्या लगतच्या चौकटींची सरासरी काढून ती मॉडेलच्या चौकटीएवढी केली, आणि चौतीस पावसाळ्यांचे प्रत्येकी १२२ असे ४,१४८ दिवस संगणकावर एकमेकांशेजारी मांडले.

चित्र अगदी पुस्तकी निघाले. मॉडेलच्या जून ते सप्टेंबरमध्ये कोरडा दिवस शोधावा लागतो. ओढ दिलेला ऑगस्ट, ज्यात आपल्याकडे तलावपाळीवर लोक छत्री न घेता फिरतात, तो तेथे जवळजवळ नाहीच; रोज थोडी थोडी रिपरिप चालू आहे. उलट ६४.५ मिलिमीटरच्या वरचे दिवस नोंदींच्या निम्मेही नाहीत. गुणकाने गुणल्यामुळे रिपरिप थोडी फुगली आणि एकूण बेरीज जमली, इतकेच.

हे लिहून पाठवल्यावर कंपनीने एका महिन्यात, जादा पैसे न घेता, दुसरी आवृत्ती दिली. तीत क्वांटाइल मॅपिंगची पद्धत वापरली होती : मॉडेलचे सगळे दिवस पावसाच्या उतरत्या क्रमाने लावायचे, नोंदींचे दिवसही तसेच लावायचे, आणि पहिल्या क्रमांकाच्या दिवसाला पहिल्या क्रमांकाचा आकडा द्यायचा. माझ्या आग्रहावरून ही जुळवणी १९८१ ते २००० वर केली आणि परीक्षा २००१ ते २०१४ वर घेतली. मुसळधार दिवसांची संख्या आता बरीच जवळ आली, हे मोकळेपणाने सांगतो. पण या पद्धतीने दिवसांचे आकडे बदलतात, त्यांचा क्रम बदलत नाही. आपल्याकडील पावसाळा साधारण ३० ते ६० दिवसांच्या तालाने विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकणाऱ्या ढगांच्या पट्ट्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्यावर चालतो. मॉडेलमध्ये तो ताल विस्कळीत असेल तर आकडे कितीही रंगवले तरी सलग चार दिवसांचा धुवाधार पाऊस आणि त्यानंतरची दहा दिवसांची उघडीप त्यातून निघत नाही. आमच्या दृष्टीने सलगता महत्त्वाची, कारण पाणी शिरते ते बहुधा तिसऱ्या दिवशी, जमीन आणि नाला दोन्ही भरलेले असताना. त्यात कोलशेतच्या खाडीला मोठी भरती असेल तर नाल्याचे पाणी उतरायलाही जागा राहत नाही. भरतीचा उल्लेख छत्तीस पानांत कोठेही नाही.

आता पंपाकडे येतो. अहवालाने शिफारस काढली होती ती ‘दर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या दैनंदिन पावसा’वरून. सोयीसाठी तो दिवस १५० मिलिमीटरचा धरू. आमच्या रॅम्पवर आणि त्याला उतार असलेल्या मोकळ्या जागेवर मिळून सुमारे ३०० चौरस मीटरचे पाणी येते. तेव्हा दिवसाचे पाणी झाले ४५,००० लिटर, आणि ते चोवीस तासांत सारखे वाटले तर मिनिटाला जेमतेम ३१ लिटर. एवढे पाणी घरगुती मोटरही उपसते, आणि अहवालाचा निष्कर्षही थोड्याफार फरकाने असाच होता. परंतु ठाण्यातला पाऊस चोवीस तासांत सारखा वाटला जात नाही. त्याच १५० मिलिमीटरपैकी ६० मिलिमीटर एका तासात कोसळले, तर त्या तासात १८,००० लिटर म्हणजे मिनिटाला ३०० लिटर येतात, आणि ताशी १०० मिलिमीटरचा वेग धरला तर ५०० लिटर. पाऊस तोच, दिवस तोच, आणि पंपाची गरज दहा ते सोळा पट. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती आणि ब्रिमस्टोवॅड या तिच्या सुधारणेच्या प्रकल्पात हा निकष ५० वर नेला गेला. म्हणजे अभियंते बोलतात ते तासाच्या भाषेत, आणि आम्हाला अहवाल मिळाला दिवसाच्या भाषेत. अंतराचीही गत तीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरातील कुलाब्याला अवघे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एका चौकटीला एक आकडा देणाऱ्या साधनाच्या निष्कर्षावर ‘आपल्या पत्त्यासाठी’ असे छापणे हे मला या सेवेतील सर्वांत आक्षेपार्ह वाटले.

किरकोळ म्हणता येतील असे आणखी काही दोष आहेत. काही आलेखांत ‘प्रत्यक्ष नोंद’ म्हणून युरोपीय हवामान अंदाज केंद्राचे ईआरए५ हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुनी निरीक्षणे मॉडेलमध्ये घालून उभे केलेले भूतकाळाचे चित्र, वापरले आहे. ते उत्तम साधन आहे, पण त्यातील पाऊस मापकाच्या बाटलीतून थेट आलेला नसतो, तो बहुतांशी त्या केंद्राच्या अंदाज-मॉडेलनेच काढलेला असतो. मॉडेलची साक्ष मॉडेलनेच द्यावी, असा हा प्रकार. अकरा मॉडेलची सरळ सरासरी काढली आहे, जिच्यात टोकाचे दिवस आपोआप बोथट होतात, शिवाय कित्येक मॉडेल एकमेकांचा संगणकीय भाग उसना घेतात, त्यामुळे अकरा मते ही अकरा स्वतंत्र मते नव्हेत. मान्सून नजरेसमोर ठेवून विकसित झालेले आयआयटीएमचे मॉडेल मात्र त्या यादीत नाही. आणि भविष्यासाठी फक्त हरितगृह वायूंच्या सर्वाधिक उत्सर्जनाचा मार्ग घेतला आहे, हे वाचकाला तळटीपेतून कळते.

तापमानाचा विभाग मात्र मी निःसंकोचपणे चांगला म्हणेन. मॉडेल येथे आपल्या घरच्या मैदानावर असतात : तापमान मोठ्या क्षेत्रावर एकसारखे बदलते आणि त्याला ढगांइतकी बारीक जाळी लागत नाही. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या जागतिक तापमानाच्या १७ दीर्घकालीन अंदाजांची नंतर पडताळणी झाली, तेव्हा प्रत्यक्ष उत्सर्जन लक्षात घेतल्यावर त्यांपैकी १४ वास्तवाशी सुसंगत निघाले. आमच्या अहवालातील उकाड्याच्या रात्रींचा आलेख नोंदींशी क्रमानेही आणि प्रमाणानेही जुळला, आणि गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देण्याचा निर्णय कमिटीने त्याच्याच आधारे घेतला. उणीव एकच, पण मोठी : आर्द्रतेचा विचार नाही. एप्रिल २०२३ मधील खारघरच्या उष्माघाताच्या दुर्घटनेनंतर तरी या पट्ट्यात केवळ पाऱ्याचा आकडा देऊन भागत नाही, हे अशा कंपन्यांना सांगावे लागू नये.

सोबतच्या ॲपविषयी थोडक्यात. ॲप जुलैतील अचूकता ८७ टक्के सांगते. माझ्या वहीप्रमाणे त्या महिन्यातील ३१ दिवसांपैकी २७ दिवशी अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, आणि ॲपने ३१ ही दिवस पावसाचे ढग दाखवले. २७ भागिले ३१ म्हणजे ८७ टक्के. आमचे वॉचमन फाटकाशी बसून हाच अंदाज फुकट देतात. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत जॉन फिन्ले यांनी १८८४ मध्ये चक्रीवादळी झंझावातांचे (टॉर्नेडोंचे) २,८०३ अंदाज वर्तवून ९६.६ टक्के अचूकतेचा दावा केला, तेव्हा कोणीतरी दाखवून दिले की रोज डोळे मिटून ‘झंझावात येणार नाही’ म्हटले असते तर अचूकता ९८.२ टक्के झाली असती. फिन्ले यांनी झंझावात येईल असे शंभर वेळा सांगितले आणि तो आला अठ्ठावीस वेळा. ॲपसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. हवामान विभागाचे रंगीत इशारे आणि पुढच्या काही तासांच्या तत्काळ सूचना विनामूल्य मिळतात, आणि त्यांच्यामागे रडार असते.

पाचपैकी अडीच तारे देतो. त्यांतला एक निव्वळ आकडे उघड करण्याच्या आणि टीका ऐकून आवृत्ती सुधारण्याच्या वृत्तीसाठी. तापमान, उकाडा, विजेचा वाढता वापर यांचा दीर्घकालीन विचार करणाऱ्या सोसायट्यांनी अहवाल जरूर घ्यावा, मात्र पैसे भरण्यापूर्वी जुळवणीचा आणि परीक्षेचा काळ वेगवेगळा आहे का, दैनंदिन आकडे देणार का आणि किती किलोमीटरच्या जाळीवर काम केले आहे, एवढे लेखी विचारावे. गटारे, पंप, बेसमेंट यांसाठी घेऊ नये. त्या कामी जवळच्या स्वयंचलित केंद्रांच्या ताशी नोंदी अधिक उपयोगी पडतात. आम्ही अखेर मिनिटाला ५०० लिटर उपसणारे दोन पंप घेतले, एक चालू आणि एक राखीव, आणि त्यांची जोडणी जनरेटरवर दिली. गच्चीवर माझ्या बाटलीशेजारी आता मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारा मापकही बसला आहे. त्याचा खर्च अहवालाच्या निम्म्याहून कमी आला, पण खजिनदारांनी तो अजून ‘इतर’ या सदराखालीच दाखवला आहे.